पाटावर मांडलेला बल्ब

माझं नाव शीतल. ठेवणाऱ्यांनी काय विचार करून ठेवलं ते त्यांनाच ठाऊक, कारण रागाच्या बाबतीत मी बापावर गेले आहे आणि बाप त्याच्या बापावर. शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावर कुणीतरी हमखास खुसखुसायचं. आता पस्तिशी दाराशी आली आहे. वाटलं होतं, वयाबरोबर राग निवळेल. निवळला नाही. ज्या एका दुपारबद्दल इथे लिहायचं आहे तिची आठवण झाली की आजही माझे कान तापतात. लिहायचंच तर तापलेल्या कानांनी लिहीन. समजूतदारपणे लिहिण्याची मला हौस नाही.

आमचं गोरेगाव मुंबईतलं नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण ते सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेलं. बस स्टँडपासून आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून घर. भिंत कसली, एक दार होतं आणि ते कधी बंद नसायचं. त्यामुळे आमच्या घरात दुकानाचे सगळे आवाज राहायला होते. तांब्याची तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवला की टक टक टक असा आकडा पुढे सरकायचा, आणि बाबा आकडा न बघता कानांनी वेढे मोजायचे. मोटारीचं जुनं वेटोळं छिन्नीनं तोडताना ठणठण व्हायचं, नवं भरून झालं की त्याला वार्निश पाजून भट्टीत ठेवायचं. त्या वार्निशचा वास वरणात, भातात, आईच्या लुगड्यात, माझ्या वह्यांमध्ये, सगळीकडे असायचा. गोंदियाच्या पॉलिटेक्निकला एसटीनं जाऊ लागले तेव्हा शेजारी बसलेल्या बायका नाक मुरडायच्या, त्यावरून मला पहिल्यांदा कळलं की तो वास सगळ्यांच्या घरी नसतो.

दुकानातल्या भिंतीवर खिळ्याला एक लाकडी फळी टांगलेली असायची. फळीवर एक होल्डर, त्यात शंभराचा बल्ब, एक सॉकेट आणि दोन वायरी. दुरुस्त केलेली कोणतीही वस्तू बाबा थेट लाइनवर लावत नसत. आधी वीज या बल्बातून जायची आणि मग त्या वस्तूत. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भक्कन पेटायचा आणि वस्तू वाचायची. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद व्हायचा. "आधी बल्बाले विचार," असं बाबा म्हणायचे. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, बांधीत पाणी सोडायचं अडलेलं असो, बल्बाला विचारल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जात नसे. एकदा आमदाराच्या माणसानं घाई केली तर बाबांनी त्याची मोटार तशीच उचलून रस्त्यावर ठेवली होती. माझ्या बापाच्या हट्टाचं मला कौतुक होतं, हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ते कौतुक मला कधी नव्हतंच.

छोट्या मोटारी आमच्या घरात आल्या त्या जवळच्या बिरसी विमानतळामुळे. तिथे विमान चालवायला शिकणारी पोरं असतात, त्यांची चिमुकली विमानं आमच्याही गावावरून घरघरत जायची. त्यांतला एकजण एक दिवस थर्माकोलचं विमान बगलेत मारून दुकानात आला. सुपारीएवढी मोटार, तिचं वेटोळं जळलेलं. बाबांनी चष्मा चढवला, केसासारखी तार घेतली आणि तासाभरात मोटार भरून दिली. तरी ती नीट फिरेना, अडखळायची. मग माझं लक्ष मोटारीमागच्या काडेपेटीएवढ्या बोर्डाकडे गेलं. बॅटरीची वीज कापून कापून मोटारीला पाजणारा आणि तिचा वेग ठरवणारा तो बोर्ड. याला ईएससी म्हणतात, हे मला त्या पोरानं सांगितलं. बाबांनी नाव ऐकलं आणि सोडून दिलं. प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेले ते चपटे तुकडे पाहून ते त्यांना वड्या म्हणू लागले, आणि घरात तेच नाव पडलं.

त्या वडीत एक चिप असते आणि चिपमध्ये तिचा मूळ प्रोग्रॅम. कंपनीनं भरलेला तो प्रोग्रॅम सुस्त असायचा. विमानाला चालून जायचा, पण चार पंख्यांच्या कॉप्टरला नाही. कॉप्टर हवेत डुगडुगायचं. परदेशातल्या कुणीतरी त्याऐवजी स्वतःचा प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. जुना पुसायचा, नवा भरायचा. याला फ्लॅश करणं म्हणतात. पुस्तकात कुठे नव्हतं, पॉलिटेक्निकमधल्या सरांनाही ठाऊक नव्हतं. मी महिनाभर कॉलेजच्या लॅबमध्ये बसून परक्या देशांतल्या लोकांचे सवालजवाब वाचले, शिष्यवृत्तीतून टपालानं प्रोग्रॅम भरायचा डबीएवढा प्रोग्रॅमर मागवला, एक सोल्डरिंग आयर्न विकत घेतला. बोर्डावर शेजारी शेजारी सहा बारीक ठिपके असतात, त्यांना सहा तारा एकाच वेळी टेकवाव्या लागतात. दर वेळी डाग देत बसणं जिवावर यायचं. म्हणून मी आईचा कपडे वाळवायचा चिमटा घेतला, त्याच्या तोंडात फायबरचा तुकडा बसवला आणि त्यात सहा सुया रोवल्या. चिमटा लावला की सहाही सुया बरोबर ठिपक्यांवर. पहिली वडी फ्लॅश झाली, मोटार जोडली आणि बॅटरी लावताच मोटारीनं चढत्या सुरात तीनदा पी-पी-पी केलं. जुना सूर वेगळा होता. आई चुलीपुढून म्हणाली, "आज तुही वडी येगळीच बोलली व." आईला कळलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी केली, आणि ती बापाकडून शिकलेली होती. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन वड्या आतून सारख्या असतीलच असं नाही. आत सहा ट्रान्झिस्टर असतात, तीन वर, तीन खाली. काही बोर्डांत सहाही एकाच जातीचे, काहींत वरचे तीन वेगळे. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यात भरला तर भरताना काही कळत नाही. संगणक आपला 'ठीक' म्हणतो. बॅटरी लावली की मात्र वरचे-खालचे दोन्ही दरवाजे एकदम उघडतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत धूर. म्हणून मी बाबांच्या फळीवर त्यांच्या बल्बाशेजारी मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब बसवला. पहिल्यांदा बॅटरी लावायची ती त्यातून. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर वडी बरोबर, पेटून राहिला तर प्रोग्रॅम चुकला, पण वडी शाबूत. बाबांनी तो बल्ब पाहिला, बोटानं स्क्रू घट्ट आहे का बघितलं, आणि फळी परत खिळ्याला टांगली. त्यांच्याकडून ती मोठी शाबासकी होती.

हळूहळू नागपूरच्या विमानं-कॉप्टर उडवणाऱ्या छंदी लोकांत बातमी पसरली आणि एसटीच्या पार्सलनं वड्या येऊ लागल्या. इथून माझा राग सुरू होतो. पार्सलवर नाव दादाचं. माझा थोरला भाऊ नितीन, बारावीला गटांगळी खाऊन बाबांच्या हाताखाली लागलेला, स्वभावानं गाय. फोन त्याचा होता, म्हणून चौकशीला नंबर त्याचा दिला गेला. मग तेच चालू राहिलं. "पोरीचं नाव कायले पायजे?" बाबा म्हणाले. "अनोळखी मानसं फोन करतेत. आपल्याले पुढं सोयरीक पाहाची आहे." मी वड्या फ्लॅश करायची आणि दादा फोनवर माझी वाक्यं बोलायचा. मी शेजारी बसून पुटपुटायची, तो मोठ्यानं म्हणायचा. कधी कधी अर्धंच म्हणायचा आणि पलीकडचा माणूस वाहवा करायचा. एकदा तर कुणीतरी त्याला गुरू म्हणालं. दादा ओशाळून माझ्याकडे बघत हसला, आणि मी त्याच्या पायावर पाटा टाकायची राहिले एवढंच.

सगळ्यांत जास्त पार्सलं यायची तिवारीजींची. नागपुरात त्यांचं उडत्या खेळण्यांचं दुकान होतं, लग्नांच्या शूटिंगसाठी कॉप्टरही बांधून द्यायचे. एक दिवस त्यांचा फोन आला की नितीनभाईला मी दुकानात ठेवून घेतो, राहायची सोय करतो, पण आधी एकदा समोर बसून काम बघतो. नवमीला त्यांना सुट्टी होती, त्या दिवशी येतो म्हणाले. बाबा दिवसभर खुशीत होते. मी म्हटलं, "बाबा, काम तं मी करतो. मी जाईन." आमच्याकडे पोरीही 'मी करतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. बाबांनी तारेवरून नजर न काढता सांगितलं, "तुहा डिप्लोमा होऊ दे, मंग पाहू. दादाले दोन दिवस शिकव." मी शिकवलं. का शिकवलं, असं लोक विचारतात. ज्यांना बाप नाही त्यांनी विचारावं.

दोन दिवसांत दादा चिमटा लावायला शिकला, योग्य बटण दाबायला शिकला. ट्रान्झिस्टर बघून जात ओळखायला त्याला जमलं नाही. मी म्हटलं, "दादा, नाई समजलं तं बल्ब आहे ना. बल्ब सांगेल." तो म्हणाला, "हाव, बल्ब आहे."

आणि नवमी उजाडली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी सगळं दुकान रिकामं करून धुवायचं, प्रत्येक हत्यार रॉकेलनं पुसायचं, पाटावर लाल कपडा घालून ओळीनं मांडायचं. वाइंडिंगचं यंत्र मधोमध, भोवती हातोड्या, पकडी, छिन्न्या, मीटर. भिंतीवरची फळीही उतरायची आणि दोन्ही बल्बांना हळदीकुंकवाची बोटं लागायची. झेंडूचा हार. एकदा मांडलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस विसावा, असं बाबा म्हणायचे, आणि वर्षातून तेवढा एकच दिवस त्यांचे हात मोकळे बघायला मिळायचे. त्या वर्षी माझा सोल्डरिंग आयर्नही त्यांनी ओळीत ठेवला. मी जवळच उभी होते. "हा नितीनचा," असं म्हणत त्यांनी त्यावर कुंकू लावलं. सहा सुयांचा चिमटा मात्र पाटावर नव्हता. चिमटा हे हत्यार आहे असं त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो आईच्या दोरीवरचाच होता.

तिवारीजी दुपारी आले, गाडीच्या मागच्या सीटवर भलंमोठं कॉप्टर घेऊन. गोल चेहऱ्याचे, मोठ्यानं हसणारे, माणूस म्हणून काही वाईट नव्हते. मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "पावने असेपर्यंत तू आंदरच राय. अन आलीस तं चूप राय." मी आत चुलीपुढे लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होते आणि आई धोप्याची, म्हणजे अळूची, पानं लाटण्यानं दाबत होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. तिवारीजींनी आठ वड्या आणल्या होत्या, नवा माल. चार कॉप्टरवर चढवायच्या, चार जवळ ठेवायच्या. "वही वाला है, नितीनभाई, सेम टू सेम." दादा लॅपटॉप उघडून बसला. चिमट्याचा चटचट आवाज मी ओळखत होते. एक झाली, दोन झाल्या, चारही झाल्या. मग दादाचा आवाज आला, "बाबा, बल्ब पायजे होता."

बाबा मला दिसत नव्हते, पण ते पाटाकडे बघत असणार. ज्या माणसानं आमदाराची मोटार रस्त्यावर ठेवली त्या माणसानं त्या दिवशी म्हटलं, "मांडला आहे आता. एक दिवस नाई लावला तं का होते?"

तेवढ्यात आईनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. मी बाहेर गेले. दादानं चारही वड्या कॉप्टरला जोडून ठेवल्या होत्या, आवरणं कापलेली, बोर्ड उघडे. ट्रे ठेवायला वाकले आणि मला दिसलं. खालच्या तीन ट्रान्झिस्टरांवर एक नंबर, वरच्या तिन्हींवर दुसरा. लॅपटॉपवर मात्र जुन्याच फाइलचं नाव होतं, सहा एकसारख्या जातीवाल्या बोर्डाची फाइल. चारही वड्या चुकलेल्या होत्या. मी म्हटलं, "दादा, हे..." आणि बाबा म्हणाले, "शीतले, चूप राय. चहा ठेव अन जा." तिवारीजी हसून म्हणाले, "बिटिया भी इंटरेस्ट लेती है, अच्छा है."

मी एकदा तोंड उघडलं होतं. दुसऱ्यांदा उघडता आलं असतं. मला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की बॅटरी लावू नको. तीन शब्द. पण त्या क्षणी माझ्या आत जे उसळलं ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट आठवतं, आणि त्यात आनंद होता. जळू दे, असं मला वाटलं. कुंकू लावलेल्या माझ्या सोल्डरिंग आयर्नसमोर, त्या गुरू म्हणवून घेणाऱ्यासमोर, 'नितीनचा' म्हणणाऱ्यासमोर, चारही वड्या जळू देत. मी रिकामा ट्रे उचलला आणि आत आले.

तळण पुढे चालू. बाहेरून दादाचा आवाज आला, "शीतले, पाणी आण व जरा." मी आईकडे बघितलं. "तू ने." आईनं तांब्या नेला आणि परत आली. बाहेर तिवारीजी म्हणाले, "लगाओ ना भाई, क्या सोच रहे हो." थोडा वेळ गेला. दादानं परत हाक मारली, "शीतले, पाणी." मी झाऱ्यानं वडे उलटत होते. म्हटलं, "आत्ता तं नेलं मायनं! उंट आहे का तो?" आई पुन्हा उठली. ती दाराशी पोचली असेल-नसेल, तेवढ्यात फट फट झालं, दोनदा, मग लगोलग दोनदा, आणि मग दादाची किंकाळी.

मी धावले तेव्हा खोलीभर कडू धूर होता. कॉप्टरच्या चारही हातांवर काळे डाग पडले होते आणि बॅटरीच्या वायरी लाल होऊन त्यांचं आवरण ठिबकत होतं. बॅटरीचा जळता प्लग दादानं सोडला नाही. बॅटरी पेटली असती तर शेजारी पूजा, त्याच्यापलीकडे वार्निशचे डबे. त्यानं उघड्या हातानं ओढून ओढून तो प्लग वेगळा केला आणि मग खाली बसला. वितळलेलं रबर त्याच्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिकटलं होतं. आई त्याचा हात पाण्याच्या तांब्यात बुडवत होती, त्याच तांब्यात. तिवारीजी "अरे बाप रे, अरे बाप रे" म्हणत मागे मागे सरकत होते.

बाबा दादाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"तुले दिसलं होतं."

"हाव."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमीच तं सांगतलं, चूप राय म्हनून."

इतका वेळ तोंडात धरून ठेवलेलं ते वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं. पाहुण्यासमोर, जळालेल्या भावासमोर. आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "भाऊ आहे व तो तुहा." बाबा हात उगारतील असं मला वाटलं. ते उठले, पाटाजवळ गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी ती फळी उचलली. हार तुटून झेंडू यंत्रावर पडले. दसऱ्याआधी पाटावरचं हत्यार त्यांनी उचललेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. फळी माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "कर."

मी केलं. उरलेल्या चार वड्या काढल्या, बरोबर फाइल निवडली, चिमटा लावला. हेडलाइटच्या बल्बावर कुंकू होतं, ते मी ओढणीनं पुसलं नाही. तिवारीजींची दुसरी बॅटरी बल्बातून जोडली. बल्ब लालसर लुकलुकला आणि विझला. तीनदा पी-पी-पी. चारही वेळा तसंच. भावाचा हात तांब्यात असताना माझी एकही सुई ठिपक्यावरून हलली नाही, याची मला पुढे फार लाज वाटली.

तिवारीजींना सगळं कळलं होतं. ते मान डोलवत बाबांना म्हणाले, "भाईसाब, असली कारीगर तो ये निकली. कमाल है. ऐसा करो, लड़के का हाथ ठीक होने दो, दो महीने में बिटिया उसे सब सिखा दे, फिर भेज देना. लड़की को मैं कहाँ रखूँगा?" आणि माझ्या बापानं, पाटावरून फळी उचललेल्या माझ्या बापानं, मान हलवली. "हाव. शिकवेल."

या मान हलवण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जळालेल्या वड्यांपेक्षा, 'चूप राय' पेक्षा मोठा राग हा आहे. चुकून बोललेलं माणूस विसरतं, पण इथे सगळं उघड्यावर आल्यानंतर, बल्बानं साक्ष दिल्यानंतर, ती मान हलली होती. मी चिमटा उचलला, आईच्या दोरीवर नेऊन लावला आणि परत येऊन तिवारीजींना सांगितलं, "पुढच्या पार्सलवर माझं नाव टाका. नाहीतर पाठवू नका." ते हसले. पुढचं पार्सल दादाच्या नावानं आलं, ते मी न उघडता त्याच बसनं परत धाडलं. त्यानंतर पार्सल आलं नाही. नागपूरला दादाही गेला नाही. त्यानं फोनवर स्वतःच नाही म्हणून सांगितलं आणि बाबांशी त्यावर एक अक्षर बोलला नाही. डिप्लोमा झाल्यावर मी भांडून, आदळआपट करून, दुसऱ्याच एका वर्कशॉपमध्ये लागले, त्याची गोष्ट वेगळी आहे.

आज माझं स्वतःचं दुकान आहे. धानावर फवारणी करणारी मोठी ड्रोन आमच्याकडे दुरुस्तीला येतात, गोरेगावच्या बांध्यांवरूनही येतात. त्यांच्या वड्या आता तळहाताएवढ्या झाल्या आहेत आणि कंपन्या त्यांना असं कुलूप घालतात की आतलं काही वाचता येत नाही, बदलता येत नाही. बिघडली की फेका. याचाही मला राग येतो, पण तो सोपा राग आहे. माझ्या भिंतीवर फळी आहे. पोरी कामाला आहेत, त्यांना मी काय सांगत असेन ते तुम्ही ओळखलं असेल, आणि त्या माझ्यासमोर वाजवीपेक्षा जास्त बोलतात.

बाबा थकले आहेत. वाइंडिंगचं दुकान दादा चालवतो. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला काही कळत नाही, म्हणून तार तो डाव्या हातानं धरतो आणि वेढे कानांनी मोजतो. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. मी त्याची माफी मागितली नव्हती, आणि ती मागावी असं त्यानं कधी दाखवलं नव्हतं. गेल्या दसऱ्याला मी अष्टमीलाच गेले, तेव्हा दुकान धुऊन झालं होतं, पाट मांडायचा होता, आणि फळी उतरवता उतरवता माझ्याच तोंडून निघून गेलं. "दादा, मले त्या दिवशी दिसलं होतं. मी मुद्दाम बोलली नाई."

"मालूम आहे," तो म्हणाला. "तू ट्रे ठेवला तवा तुहं तोंडच पाह्यलं ना मी. काहीतरी चुकलं, समजलंच."

"मंग बॅटरी काऊन लावली?"

तो छिन्नी पुसत होता. पुसून झाली, ओळीत ठेवली, दुसरी घेतली.

"दोनदा बलावलं ना तुले," तो म्हणाला. "मले का तहान लागली होती?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि कान तापले. मी ओरडलेच. "अरे मंग तोंडानं सांगाचं ना! चुकलं म्हनाचं! लावत नाई म्हनाचं!" आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडले. दादानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. चाळिशीला आलेला माणूस, स्वतःच्या दुकानात.

"बाबा बसले होते न तथी."

मी फळी हातात घेऊन उभी होते. तो पुन्हा छिन्नी पुसायला लागला. मी फळी ठेवली, आत गेले, माठातून गिलासभर पाणी घेतलं, बाबांच्या खाटेसमोरून आले आणि ते त्याच्यापुढे आदळलं. निम्मं सांडलं.

"घे. पी."

त्यानं गिलास डाव्या हातात घेतला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.